हवेचा वाटा

मित्रांनो, मी एक जुनं पिंप आहे. ओकच्या फळ्यांचं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं, पोटाशी फुगलेलं. व्याकरणाच्या बाई मला 'ते' म्हणायला लावतील, पण माणसांच्या सहवासात इतकी वर्षं काढल्यावर मी स्वतःला 'तो' समजू लागलो आहे. तेवढं चालवून घ्या. माझ्या पोटात काय असतं तेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरबूर नको. व्हिस्की असते. ती तुमच्यासाठी नाही, आणि मोठे झाल्यावर तुम्ही ती प्यायलीच पाहिजे असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तिची गोष्ट तुमच्यासाठी आहे, कारण ती वाट बघण्याची गोष्ट आहे, आणि वाट तर तुम्हीही बघता.

आणखी एक. मी राहतो त्या गोदामात कधीकधी संध्याकाळी माझ्यावर कुणीतरी बोटाच्या पेराने वाजवतं. तिथे त्या वेळी कुणी नसतं. पूर्वी मला त्याची भीती वाटायची. आता तो आवाज आला नाही तर भीती वाटते.

माझा जन्म आगीत झाला. ही फुशारकी नाही, सगळ्या पिंपांचा तसाच होतो. डोंगरातलं एक झाड पडलं, त्याच्या फळ्या निघाल्या, त्या उन्हापावसात ठेवून खूप वाळवल्या. मग एका म्हाताऱ्या कारागिराने त्या गोलात उभ्या केल्या आणि मधोमध जाळ पेटवला. लाकूड तापलं की वाकतं. बाहेरून पट्टी आवळत, आतून भाजत त्याने मला आकार दिला. म्हणून मी आतून कोळशासारखा काळा आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नाही. शेवटची पट्टी ठोकताना तो स्वतःशीच म्हणाला, "यात भरायचं ते विचार करून भरा रे बाबांनो. लाकूड विसरत नाही."

पहिल्यांदा माझ्यात गोड लाल वाइन भरली. जमिनीखालच्या एका गार तळघरात मी होतो. तिथली मालकीण आजीबाई होती. ती रोज जिना उतरून यायची, कंदील वर धरायची आणि आम्हा पिंपांना विचारायची, "बरे आहात ना रे?" मग एके दिवशी ती आली नाही. कंदीलही आला नाही. पण 'बरे आहात ना रे' हा आवाज त्यानंतरही काही दिवस येत राहिला, आणि तळघरातली सगळी पिंपं अंग चोरून ऐकत राहिली. पुढे ते घर विकलं गेलं, आम्हाला रिकामं करून जहाजावर चढवलं. मी इथे आलो तेव्हा माझ्या फळ्यांत एक आवाज आधीच वस्तीला होता. भुताखेतांची मला सवय आहे, ती अशी.

इथे म्हणजे कुठे, ते सांगून तुम्हाला काही कळणार नाही. व्हिस्कीचे देश म्हणून जी नावं लोक घडाघडा सांगतात, त्यांत हे नाव नाही. इथे ऊन फार. गोदामावर पत्रे आहेत, आणि दुपारी त्या पत्र्यांखाली उभं राहणं म्हणजे शिक्षाच. ज्या माणसाने मला विकत घेतलं तो आधी कारखान्यांतले बॉयलर दुरुस्त करायचा. तापलेल्या वाफेचं त्याला सगळं कळायचं. कुठून त्याच्या डोक्यात शिरलं कुणास ठाऊक, पण आपण व्हिस्की गाळायची असं त्याने ठरवलं. लोक त्याला भट्टीवाला म्हणू लागले. आधी चेष्टेने म्हणायचे, मग सवयीने.

हसणाऱ्यांना तोटा नव्हता. मेहुणे म्हणाले, "अहो, थंडीत पिणारे लोक थंडीत बनवतात. तुम्ही कशाला नसत्या फंदात पडता?" दुकानदार त्याच्या बाटल्या घ्यायचा, पण परदेशी बाटल्यांच्या मागे, भिंतीला चिकटवून ठेवायचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं. भट्टीवाला भांडायचा नाही. म्हणायचा, "सातू इथे उगवतो, पाणी इथलं गोड आहे, तांबं ठोकायला मला हात आहेत. आणखी काय लागतं?"

पण मित्रांनो, माणूस चारचौघांत एक असतो आणि पिंपाजवळ एक असतो. गोदामात तो एकटा असला की माझ्यासमोर एक नाटक करायचा. रिकामा पेला हातात धरायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि वेगळाच, भारदस्त आवाज काढून विचारायचा, "वा! कुठली हो ही?" मग पटकन जागा बदलून, खांदे सैल सोडून, जणू त्यात काही विशेष नाही अशा सुरात उत्तर द्यायचा, "इथली."

एवढंच नाटक, दोनच वाक्यांचं. पाहुणाही तोच आणि यजमानही तोच. पण 'इथली' हा शब्द तो कितीतरी प्रकारे म्हणून बघायचा. कधी हळू, कधी हसत, कधी पाठ फिरवून जाता जाता. लांबून आलेल्या, त्याला न ओळखणाऱ्या माणसाने एकदा तरी खरंच तसं विचारावं, एवढी एकच त्याची हौस होती. आणि त्या दिवसासाठी त्याने मला निवडलं होतं.

मला भरलं तो दिवस मला आठवतो. त्याची लेक तेव्हा नुकतीच त्याच्या हाताखाली काम शिकत होती. तांब्याचं ते मोठं भांडं तिने आतून घासून लखलखीत केलं होतं. ऊर्ध्वपातनातून पाण्यासारखा पांढरा, जिभेला झोंबणारा अर्क निघाला, आणि बापलेकीने मिळून तो माझ्यात ओतला. भरून झाल्यावर तिने बुचावर कापड घालून ते ठोकून बसवलं. ती म्हणाली, "बाबा, आता?"

"आता काही नाही," तो म्हणाला. "आता तो आणि हवा."

मग त्याने तिला समजावलं. लाकडातून व्हिस्की थोडी थोडी उडून जाते. थंड देशात कमी, इथे फार. तिकडे जे पिकायला पिढी जाते ते इथे लवकर पिकतं, आणि तितक्याच लवकर संपतंही. "हवेला तिचा वाटा द्यावा लागतो," तो म्हणाला. "नाही दिला तर ती पिकू देत नाही. पण हवा हावरट असते. तिच्यावर लक्ष ठेवायचं."

लक्ष ठेवायची त्याची रीत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बूच काढून वाकून बघणं त्याला आवडायचं नाही. म्हणायचा, झोपलेल्याचं पांघरूण काढून बघतात का? आम्ही पिंपं दोन लाकडी दांड्यांवर आडवी झोपलेली असतो, गोल तोंडं समोर. तो रोज संध्याकाळी काम आटोपलं की प्रत्येकाच्या तोंडावर बोटाच्या पेराने वाजवायचा. वरून सुरुवात करायची आणि खाली खाली यायचं. जिथे पोट रिकामं आहे तिथे आवाज पोकळ, ठणठणीत. जिथे द्रव आहे तिथे मठ्ठ, दबका. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसंच पिंपाचंही. आवाज बदलला त्या जागी तो खडूने बारीकशी रेघ मारायचा. माझ्या तोंडावर अशा रेघा एकाखाली एक जमत गेल्या, कपाळावरच्या आठ्यांसारख्या.

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं. भट्टीवाल्याचा मुलगा, लेकीचा धाकटा भाऊ. वाईट मुळीच नव्हता, पण जिभेचे चोचले अंमळ जास्त. एका सकाळी गोदामात कुणी नाही असं बघून त्याने माझं बूच सैल केलं, आत रबरी नळी सोडली आणि डोळे मिटून ओढायला लागला. तेवढ्यात बाप दारात. धाकट्याला नळी तोंडातून काढायचंही सुचलं नाही.

भट्टीवाल्याने त्याला हात लावला नाही. पण असा ओरडला की पत्रे हलले. "चोरून पितोस? तेही यातली? यापुढे मी सांगेपर्यंत कुणीही याचं बूच काढायचं नाही! कळलं?"

लेक त्या वेळी बाहेर अंगणात सातूची पोती उतरवून घेत होती. आधीचं तिने काही पाहिलं नाही, आणि गाडीची घरघर थांबेपर्यंत ऐकलंही नाही. तिच्या कानावर पडलं ते फक्त शेवटचं वाक्य. ती आत डोकावली तेव्हा धाकटा नळी पाठीमागे लपवून उभा होता आणि बाप लाल झालेल्या चेहऱ्याने बूच ठोकून बसवत होता. तिने विचारलं, "काय झालं?" दोघंही काही बोलले नाहीत. बापाला पोराची लाज राखायची होती, आणि पोराला स्वतःची.

त्याच संध्याकाळी भट्टीवाला नेहमीसारखा आला. राग केव्हाच निवळला होता. त्याने वरून खाली वाजवत आणलं, आवाज बदलला तिथे रेघ मारली. मग खडू खिशात टाकून त्याने तळहात माझ्यावर ठेवला आणि कान लावला. असं तो कधी करायचा नाही. हळूच म्हणाला, "झालास बरं का तू. पिकलास. आता पाहुण्याचीही वाट बघायला नको. उद्यापरवा पोरांनाच पाजू."

हे शब्द फक्त मी ऐकले. आणि मी पडलो पिंप.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. घरी, चहाचा कप हातात असताना, खुर्चीतच गेला. गोदामाचं दार काही दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा लेक एकटी आत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि शेवटच्या रेघेवरून तिने बोट फिरवलं. खडू पुसला जाईल म्हणून लगेच काढूनही घेतलं. मग रडली. मोठ्याने, पोरक्या मुलासारखी. मी पोटातल्या व्हिस्कीसकट थरथरलो.

इथून चूक सुरू झाली, मित्रांनो. आणि ती प्रेमातून झाली, म्हणून कुणाच्या लक्षात आली नाही. बापाचं गोदामातलं शेवटचं वाक्य म्हणून लेकीच्या कानात जे राहिलं, ते 'मी सांगेपर्यंत याचं बूच काढायचं नाही' एवढंच. एका पोराला दिलेली दटावणी होती ती, पण तिने ती मृत्युपत्रासारखी मनावर कोरली. धाकट्याला खरं ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर नळी सांगावी लागणार, आणि बाप गेलेला असताना ते कोणत्या तोंडाने सांगणार? तो मूग गिळून बसला.

भट्टी चालू राहिली. बहीणभाऊ दोघं कष्टाळू होते. बाकीची पिंपं भरली, पिकली, उघडली, पुन्हा भरली. माझ्याजवळून जाताना मात्र सगळे आवाज खाली करायचे. लेकीने माझ्या तोंडावर कुणाला वाजवू दिलं नाही. तिथे बाबांच्या रेघा होत्या, त्या पुसल्या गेल्या असत्या. म्हणजे बघा, ज्या रेघा मोजण्यासाठी मारल्या होत्या, त्या जपण्यासाठी मोजणंच बंद झालं.

कुणी म्हणालं, "उघडून तरी बघा," तर ती म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे."

दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन माझ्याशेजारी बसायची. गोदामभर माझ्या पोटातल्या व्हिस्कीचा वास दरवळलेला असायचा, गोडसर, धुरकट. ती डोळे मिटून तो वास छातीत भरून घ्यायची आणि म्हणायची, "बाबा इथेच आहेत." तिचं लग्न ठरलं ते तिने आधी मला सांगितलं. नवऱ्याशी भांडण झालं की माझ्याजवळ येऊन बडबडायची. तिच्या केसांत पांढरी बट दिसली तीही मला आधी दिसली. आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं वेडे, हा वास म्हणजेच ती उडून जातेय! तू छातीत भरून घेतेस तो तुझ्या बापाचाच घोट आहे. थोडा थोडा संपतोय. आतला उरलेला तरी पी!

माझा जीव कशात अडकला होता ते आता तुम्हाला कळलं असेल. एका माणसाने जन्मात एक गोष्ट मनासारखी केली होती. ती कुणीतरी चाखायच्या आत हवा तिचा फडशा पाडणार होती, आणि राखण करणारीच दार लावून बसली होती.

आता ते वाजवणं.

तो गेल्यानंतर गोदाम उघडलं त्याच संध्याकाळी ते पहिल्यांदा झालं. माणसं निघून गेली होती, दाराच्या फटीतून तिरपं ऊन आत आलं होतं. टक. माझ्या तोंडावर, सगळ्यात वर. मग थोडं खाली, टक. मग शेवटच्या रेघेशी, टक. आवाज बदलला तिथे थांबलं. पेर त्याचंच होतं. बॉयलरच्या कामात कधीतरी हातोडीखाली चेपलेलं त्याचं वाकडं पेर मी हजार पेरांत ओळखीन. पण समोर कुणी नव्हतं. नुसतं ऊन होतं आणि धूळ.

लेकीनेही एकदा ते ऐकलं. कुलूप घालता घालता थबकली. धाकट्याला हाक मारून म्हणाली, "ऐकलंस?"

"पत्रे आहेत, ताई. दिवसभर तापतात आणि ऊन उतरलं की तडकतात."

"पत्रे असे मोजून तडकतात?"

धाकट्याने कुलूप तिच्या हातातून घेऊन घाईने लावलं. चोराच्या मनात चांदणं. त्यानंतर तो संध्याकाळी गोदामात यायचं टाळू लागला. लेक मात्र समाधानाने म्हणाली, "बाबा राखण करतायत. अजून नाही म्हणतायत."

अजून नाही? मित्रांनो, मला हसावं की रडावं कळेना. तिला आवाज ऐकू येत होता, पण तो कुठे पडतोय हे दाराशी उभं राहून कसं कळणार? मला कळत होतं, कारण तो माझ्या अंगावर पडत होता. तो थांबायची जागा खाली सरकत होती. आधी शेवटच्या रेघेवर. मग रेघेच्या खाली. मग माझ्या मधोमध. उन्हाळे आले, गेले, आणि ते पेर उतरतच गेलं. मेलेला माणूस न चुकता आपलं काम करत होता. त्याच्याकडे खडू तेवढा नव्हता. शेवटी शेवटी तो थेट माझ्या खालच्या कडेशी वाजवायचा, तिथे थांबायचा आणि पुन्हा वाजवायचा, जणू दारावर थाप मारून म्हणतोय, अरे कुणी आहे का घरात?

माझ्या फळ्या आता आतून सुकत चालल्या होत्या. सुकलेलं लाकूड कुरकुरतं. त्या कुरकुरीत मला तळघरातल्या आजीबाईचा आवाजही यायला लागला, "बरे आहात ना रे?" नव्हतो. मुळीच बरा नव्हतो.

अशात एक पाहुण्या बाई आल्या. वयाने बऱ्याच मोठ्या, पायात सपाट जोडे, गळ्यात चष्म्याची दोरी. जगभर फिरून व्हिस्की चाखणं हे त्यांचं काम. पण नामवंत देश त्यांनी केव्हाच सोडले होते. लेकीने त्यांना खुर्ची दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकडची चव तोंडपाठ झाली हो. आता मी नकाशावर जिथे कुणी व्हिस्की शोधायला जात नाही, तिथेच जाते. एका बेटावर मासे सुकवणारी दोन घरं गाळतात. वाळवंटाच्या कडेला एक जण आहे, उंच डोंगरात एक मास्तरीण आहे. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच वेडे. एका दुकानात मागच्या फळीवर तुमची बाटली दिसली. धूळ पुसली आणि आले."

लेकीने त्यांना चार पिंपांतली चव दिली; पाहुण्यांसाठी त्या दिवशी धाकटाही गोदामात थांबला होता. बाईंची रीत अशी, की आधी काही विचारायचं नाही. डोळे मिटायचे, नाकाशी धरायचं, घोट घ्यायचा आणि गप्प बसायचं. त्या सगळ्यांना बरं म्हणाल्या. मग उठून गोदामात फिरल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. नाक माझ्या फळीला लावलं.

"हे काय आहे?"

"ते उघडत नाही आम्ही," लेक म्हणाली. "बाबांचं आहे. ते सांगून गेलेत, मी सांगेपर्यंत बूच काढायचं नाही."

"आणि कधी सांगणार ते?"

ते हयात नाहीत हे बाईंना ठाऊक नव्हतं. लेकीने मान खाली घातली आणि सांगितलं, बाबा जाऊन किती वर्षं झाली ते. बाई चमकल्या. एवढ्या वर्षांत? या उन्हात? त्या काही बोलणार तोच ऊन तिरपं झालं आणि ते वाजलं. टक. टक. अगदी खाली, कडेशी. या वेळी तिघंही माझ्या समोरच उभी होती. लेकीने पहिल्यांदाच पाहिलं, म्हणजे दिसलं काहीच नाही, पण आवाज कुठून आला ते कळलं. जमिनीपासून वीतभर.

"बाबा तर वर वाजवायचे," ती पुटपुटली. "शेवटची रेघ इथे आहे. इतक्या खाली का…"

मग तिचं तिलाच कळलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. तरी ती म्हणाली, "पण त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा शब्द आहे."

तेव्हा धाकटा, केस विरळ झालेला, पोरंबाळं असलेला धाकटा, एकदम खाली बसला. "ताई, तो शब्द तुला नव्हता गं. मला होता. मी नळी घालून पीत होतो. म्हणून ओरडले ते. बस. एवढंच होतं ते."

"नळी?"

"रबरी नळी."

लेक त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही त्याला मारणार. पण ती हसायला लागली. तोंडावर हात घेऊन, पोट धरून हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "एवढी वर्षं!" ती म्हणत होती. "एवढी वर्षं मी त्या नळीची राखण केली!"

"मला वाटायचं, उद्या सांगू," धाकटा म्हणाला. "मग उद्याचा परवा झाला."

तिने खुंटीवरची बाबांची लाकडी हातोडी उचलली. बुचाच्या या बाजूला एक ठोका, त्या बाजूला एक ठोका, आणि बूच सुटलं. आत हवा शिरली. तुम्ही खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलात तर कसं वाटेल, तसं मला वाटलं. तिने लांब दांड्याची तांब्याची वाटी आत सोडली. ती खाली गेली, खाली गेली, आणि माझ्या तळाला खडखडली. धाकट्याने मला मागून उचलून कलतं केलं. तेव्हा कुठे वाटीत काहीतरी आलं, गडद, काळपट. एका लहान पेल्यात मावलं. मित्रांनो, संपली. एवढीच उरली होती.

लेकीने पेला बाईंपुढे धरला. बाईंनी तो घेतला नाही. "आधी तुम्ही," त्या म्हणाल्या. "हे माझं नाही."

लेकीने ओठ टेकवले. तिचा चेहरा आक्रसला. "कडू आहे," ती लहान मुलीसारखी म्हणाली.

धाकट्याने घोट घेतला आणि पेला पुढे दिला. मग बाईंनी डोळे मिटले. नाकाशी धरला, घोट घेतला, आणि तो खूप वेळ जिभेवर घोळवला.

"उशीर झालाय," शेवटी त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? लाकूडच फार बोलतंय. पण थांबा. त्याच्या मागे कुणीतरी उभं आहे. आधी गोड लाल द्राक्षं. मग धूर. मग… सातू, आणि गोड पाणी. वेळेवर उघडली असती तर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. डोळे अजून मिटलेलेच होते. कितीतरी देशांत कितीतरी वेळा विचारून जिभेवर बसलेला प्रश्न त्यांच्या तोंडून सवयीने निघाला, कुणालाही उद्देशून नाही.

"वा! कुठली हो ही?"

मी श्वास रोखला. लेकीला ते नाटक ठाऊक नव्हतं, ते फक्त मला ठाऊक होतं. तिने पदराने डोळे पुसले, खांदे सैल सोडले, आणि त्यात काही विशेष नाही अशा सुरात म्हणाली,

"इथली."

अगदी त्याच्यासारखी. धाकटा मान वळवून रडला. आणि माझ्या रिकाम्या पोटात तो शब्द घुमत राहिला, तो अजून आहे. लाकूड विसरत नाही.

त्या संध्याकाळनंतर वाजवणं बंद झालं. मी वाट बघायचो. ऊन तिरपं व्हायचं, पत्रे तडकायचे, पण ते नुसते पत्रेच. इतकं एकटं मला तळघरातही वाटलं नव्हतं. माझ्या फळ्या उललेल्या, पट्ट्या ढिल्या झालेल्या. कुणीतरी म्हणालं, याच्या आता कुंड्या करा. लेक ऐकेना. तिने मला बाहेर काढून माझ्यात पाणी भरलं. मी सगळीकडून गळलो. तिने पुन्हा भरलं, पुन्हा गळलो. ती भरत राहिली, तसं लाकूड फुगलं आणि फटी मिटल्या. मग धाकट्याने पट्ट्या आवळल्या. मला जागेवर आणून त्यांनी माझ्यात नवा अर्क ओतला, स्वतः गाळलेला. बूच ठोकून झाल्यावर लेकीने ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं. बाबांच्या सगळ्या रेघा गेल्या. तिने खडू धाकट्याच्या हातात दिला.

"रोज वाजवायचं," ती म्हणाली. "पिकलं वाटलं की उघडायचं. मी असो नसो. मी सांगायची वाट बघायची नाही."

मित्रांनो, मी पडलो पिंप. मला उपदेश करता येत नाही, आणि तुम्हाला तो आवडत नाही हेही मला ठाऊक आहे. पण एवढं ऐका. तुमच्या घरात कुणाची तरी ठेवलेली एखादी गोष्ट असेल. पेटीतलं वाद्य, कपाटातलं लुगडं, कुणी शिकवलेलं काम. ती जपा, पण जपणं म्हणजे दार लावून राखण करणं नव्हे. वाद्य वाजवा, लुगडं नेसा, काम करा. आणि घरातल्या मोठ्या माणसाने रागाने काही सांगितलं असेल, तर ते हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, की ते खरंच तसं म्हणायचं होतं का. मेलेली माणसं उत्तर देतात, पण फार हळू देतात.

काल धाकट्याने माझ्यावर पहिली रेघ मारली, अगदी वर. कुलूप घालून ती दोघं घरी गेली. दाराच्या फटीतून तिरपं ऊन आत आलं, धूळ दिसायला लागली. पत्रे तडकले. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग वाजलं. टक. नव्या रेघेच्या शेजारी, त्या वाकड्या पेराने, एकदाच.

बरोबर आहे, असं तो म्हणत असावा.